मोजून मोजून क्वांटम कॉम्प्युटिंग: तीन क्युबिटची साखळी स्वतः करून बघा

क्वांटम कॉम्प्युटिंग शिकायला बसलं की पहिल्याच धड्यात गेट (क्युबिटची अवस्था बदलणारी क्रिया) येतात, म्हणजे क्युबिट (क्वांटम बिट) घ्या, त्यावर एक गेट लावा, मग दुसरं, मग तिसरं, आणि सगळं झालं की शेवटी एकदाच मोजा, आणि तोपर्यंत क्युबिटला हात लावू नका कारण मोजलं की सुपरपोझिशन (० आणि १ ची मिश्र अवस्था) गेली. हे बरोबरच आहे, पण हा एकच रस्ता नाही. २००१ मध्ये म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन युनिव्हर्सिटीतल्या रॉबर्ट राउसेनडॉर्फ आणि हान्स ब्रीगेल या दोघांनी नेमका उलटा रस्ता दाखवला. सगळी एन्टँगलमेंट (क्युबिट एकमेकांशी क्वांटम पद्धतीने जोडलेले असणं) आधीच तयार करून ठेवायची आणि मग पूर्ण हिशोब फक्त एकेक क्युबिट मोजत मोजत करायचा. मोजलेला क्युबिट संपला, परत वापरता येत नाही, म्हणून त्यांनी याला वन-वे क्वांटम कॉम्प्युटर म्हटलं.

वाचून हे पटत नाही, करून बघितलं की पटतं, म्हणून हे लिहितोय. आणि एक गोष्ट आधीच सांगतो कारण माझ्या मते हा सगळा विषय तिच्यावरच उभा आहे: प्रत्येक मोजणीचा निकाल पूर्ण रँडम येतो, आणि तरी शेवटचं उत्तर रँडम नसतं, कारण आलेला निकाल बघून पुढची मोजणी बदलायची असते. ही निकालांची नोंद काढून टाकली तर हातात निव्वळ छापा-काटा उरतो. खाली आपण ती नोंद मुद्दाम काढून बघणारच आहोत.

लागणार काय? बारावीचं मॅट्रिक्स, अकरावीचे कॉम्प्लेक्स नंबर, वही, आणि पायथनवर क्विस्किट (क्वांटम सर्किट लिहायची लायब्ररी) आणि त्याचा एर सिम्युलेटर. खरं मशीन लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो.

आधी वहीवर, दोनच क्युबिट

हा भाग सोडून थेट कोडवर जाऊ नका प्लीज, इथे जे कळतं ते कोडमध्ये कळत नाही.

पहिला क्युबिट घ्या, त्याची अवस्था अ|०⟩ + ब|१⟩, हा आपला डेटा. दुसरा क्युबिट |+⟩ मध्ये, म्हणजे |०⟩ आणि |१⟩ सारख्याच प्रमाणात. आता दोघांवर सीझेड गेट लावा. सीझेड काय करतो, तर दोन्ही क्युबिट १ असतील तेव्हाच चिन्ह बदलतो, बाकी काहीही करत नाही. वहीवर गुणाकार केला की हे मिळेल (|−⟩ म्हणजे |+⟩ च, फक्त |१⟩ चं चिन्ह वजा):

अ|०⟩|+⟩ + ब|१⟩|−⟩

आता पहिला क्युबिट मोजायचा, पण ० आहे का १ आहे असं नाही मोजायचं. तसं मोजलं तर अ आणि ब बद्दल माहिती बाहेर येईल आणि डेटा तिथेच मरेल. आपण मोजायचं |०⟩ अधिक क कोनाच्या फेजचा |१⟩, विरुद्ध |०⟩ वजा क कोनाच्या फेजचा |१⟩, म्हणजे ब्लॉख गोलाच्या (एका क्युबिटच्या अवस्था दाखवणाऱ्या गोलाच्या) विषुववृत्तावरच्या समोरासमोरच्या दोन दिशा. अधिक आलं तर निकाल न = ०, वजा आलं तर न = १.

हिशोब करून बघा, अ आणि ब काहीही असू दे, दोन्ही निकाल बरोब्बर ५०-५० टक्के येतात. म्हणजे या मोजणीने आपल्याला डेटाबद्दल काहीच सांगितलं नाही, आणि म्हणूनच डेटा वाचला. तो आता दुसऱ्या क्युबिटवर आहे, आणि जसाच्या तसा नाही तर बदलून: न = ० आला तर दुसऱ्या क्युबिटची अवस्था अ|+⟩ अधिक (−क फेज लावलेला) ब|−⟩, आणि न = १ आला तर मधलं अधिक वजा होतं. नीट बघितलं तर हे म्हणजे मूळ डेटावर −क कोनाचा फेज गेट (|१⟩ ला तेवढा फेज लावणारा), त्यावर हॅडमार्ड (|०⟩ चा |+⟩ आणि |१⟩ चा |−⟩ करणारा), आणि न = १ असेल तर वरून एक एक्स गेट (|०⟩ आणि |१⟩ ची अदलाबदल करणारा).

म्हणजे आपण गेट न लावता गेट लावला. कोणता गेट लागला हे ठरलं कुठल्या कोनात मोजलं त्यावरून. प्रोग्राम म्हणजे इथे कोनांची यादी. आणि तो जादाचा एक्स, ज्याला बायप्रॉडक्ट म्हणतात, तो लागला की नाही हे आपल्याला माहीत आहे कारण न आपल्या हातात आहे.

साखळी: इथे खरी गंमत

आता तीन क्युबिट. तिन्ही |+⟩ मध्ये, पहिला-दुसरा सीझेड, दुसरा-तिसरा सीझेड. ठिपक्यांची रांगोळी जशी काढतो ना, ठिपका म्हणजे क्युबिट आणि रेघ म्हणजे सीझेड, तशीच ही चित्रं कागदावर काढतात, अशा अवस्थेला ग्राफ स्टेट म्हणतात आणि चौकोनी जाळी असेल तर क्लस्टर स्टेट. सीझेड कुठला आधी कुठला नंतर याने काही फरक पडत नाही, रेघा कुठल्याही क्रमाने ओढा.

पहिला क्युबिट क१ कोनात मोजला, निकाल न१. डेटा दुसऱ्यावर सरकला पण कदाचित एक एक्स चिकटून. आता दुसरा क२ कोनात मोजायचाय, आणि प्रॉब्लेम हा की एक्स आणि फेज गेट यांची जागा अशीच बदलता येत नाही, एक्स पलीकडे नेला की फेजच्या कोनाचं चिन्ह उलटतं. मग उपाय काय, तर न१ = १ आला असेल तर क२ ऐवजी −क२ कोनात मोजायचं. म्हणजे आपणच आधी उलटं करून ठेवायचं म्हणजे एक्समुळे परत सुलटं होतं. यालाच फीड-फॉरवर्ड म्हणतात. शेवटी तिसऱ्या क्युबिटवर जे राहतं ते पाहिजे तेच, फक्त न२ = १ असेल तर एक एक्स आणि न१ = १ असेल तर एक झेड (|१⟩ चं चिन्ह बदलणारा गेट) जास्तीचा.

क१ = ९० अंश आणि क२ = ३० अंश घ्या. हे आकडे मुद्दाम निवडलेत कारण उत्तर स्वच्छ येतं, तिसऱ्या क्युबिटवर ० मिळण्याची शक्यता म्हणजे (१ + साइन क१ × साइन क२) भागिले २, साइन ९० म्हणजे १, साइन ३० म्हणजे अर्धा, तर उत्तर ७५ टक्के. हे लक्षात ठेवा, आता कोडमधून हेच यायला पाहिजे.

क्विस्किटमध्ये

तीन क्युबिट, तीन क्लासिकल बिट. तिन्ही क्युबिटवर एच (हॅडमार्ड). मग सीझेड शून्य-एक आणि एक-दोन (क्विस्किट शून्यापासून मोजतं, तर आपला पहिला म्हणजे त्याचा शून्यावा).

सिम्युलेटर सरळ फक्त ०/१ मोजतो, तिरक्या कोनात मोजायचं असेल तर आधी क्युबिट फिरवून घ्यायचा: पी गेट (फेज गेट) उणे क कोनाचा, मग एच, मग मेजर (मोजणी). हे उणे चिन्ह विसरू नका. आणि कोन रेडियनमध्ये, ९० अंश म्हणजे पाय (π) भागिले २, ३० अंश म्हणजे पाय भागिले ६.

तर शून्याव्या क्युबिटवर पी उणे पाय भागिले २, एच, मेजर करून शून्याव्या बिटमध्ये ठेवा. मग इफ-टेस्टचा (मोजलेला बिट बघून पुढचं ठरवणारा) ब्लॉक: शून्यावा बिट १ असेल तर पहिल्या क्युबिटवर पी अधिक पाय भागिले ६, नाहीतर पी उणे पाय भागिले ६. ब्लॉकच्या बाहेर येऊन एच आणि मेजर. मग अजून एक इफ-टेस्ट: पहिला बिट १ असेल तर दुसऱ्या क्युबिटवर एक्स. शेवटी तो साधा मोजा. झेडची दुरुस्ती इथे केली नाही तरी चालते, कारण शेवटी आपण ०/१ मोजतोय आणि झेडने त्या शक्यता बदलत नाहीत.

चारेक हजार शॉट मारा (एक शॉट म्हणजे सर्किट एकदा पूर्ण चालवणं). आता निकाल वाचताना एक सांभाळा, क्विस्किट बिट उलट्या क्रमाने छापतं, सगळ्यात डावीकडचा आकडा म्हणजे सगळ्यात शेवटचा बिट. बऱ्याच जणांचा हिशोब इथेच उलटासुलटा होतो आणि मग वाटतं की फिजिक्सच चुकलं. तर डावीकडचा आकडा ० असलेले सगळे शॉट एकत्र मोजा, चार हजारात साधारण तीन हजार यायला पाहिजेत. उजवीकडचे दोन आकडे मात्र ५०-५० असतील, चारही जोड्या सारख्याच. तिथे काही पॅटर्न दिसायला लागला तर कोड तपासा, कारण तिथे पॅटर्न नसणं हीच तपासणी आहे.

आता नोंद काढून टाकू. कोनाचं चिन्ह बदलणारा इफ-टेस्ट काढा, दर वेळी पी उणे पाय भागिले ६ च लावा, बाकी सगळं तसंच. ७५ चे ५० होतात. का? न१ = ० आला तेव्हा ७५ टक्के मिळतात आणि न१ = १ आला तेव्हा २५, दोन्ही अर्धा-अर्धा वेळ, सरासरी ५०. हे नुसतं मानू नका, शॉट न१ प्रमाणे वेगळे काढून बघा, दोन ढीग समोर दिसतील. मग तो इफ-टेस्ट परत लावा आणि शेवटचा एक्सवाला काढा, परत ५०. प्रत्येक वेळी एन्टँगलमेंट तीच होती, मोजणी तेवढ्याच होत्या, गेलं काय तर फक्त कुठल्या वेळी काय आलं हे पुढे सांगणं. (आणि म्हणूनच एन्टँगलमेंटने प्रकाशापेक्षा फास्ट मेसेज पाठवता येत नाही, नोंद साध्या तारेनेच जाते आणि नोंदीशिवाय समोरच्याला काही कळत नाही.)

पण या दोन दुरुस्त्यांमध्ये एक मोठा फरक आहे, तो लक्षात घ्या. शेवटचा एक्स तुम्ही खरा लावायची गरजच नाही, सगळं झाल्यावर वहीवर डावीकडच्या बिटमध्ये मधला बिट एक्सऑर केला (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) तरी ७५ टक्केच येतात. कोनाचं चिन्ह मात्र असं नंतर दुरुस्त करता येत नाही, ३० आणि −३० अंशाच्या मोजण्या या खरोखरच वेगळ्या मोजण्या आहेत, एकदा चुकीच्या दिशेने मोजलं की तो शॉट गेला. म्हणून मशीनला थांबावं लागतं, आधीचा निकाल येऊ दे, मग पुढचा कोन ठरेल.

आणि मग क२ = ९० करून बघा, हे मला सगळ्यात आवडतं. ९० आणि −९० अंश ही एकच जोडी आहे, फक्त अधिक-वजाची नावं बदलतात. म्हणजे इथे थांबायची गरज नाही, दोन्ही इफ-टेस्ट काढून टाका, तिन्ही क्युबिट एकदम मोजा, आणि तिन्ही बिटचा एक्सऑर घ्या, तो दर वेळी ० येतो. छापलेल्या निकालात फक्त ०००, ०११, १०१ आणि ११० हे चारच दिसतील, प्रत्येकी साधारण २५ टक्के. प्रत्येक बिट एकटा घेतला तर नाणेफेक, तिघांची बेरीज मात्र कायम सम. ० आणि ९० अंशाच्या पटीतले सगळे कोन असेच वागतात, त्यांना एकमेकांची वाट बघावी लागत नाही. पण नुसत्या तेवढ्या कोनांनी केलेला हिशोब साध्या कॉम्प्युटरवर पण पटकन होतो (गॉट्समन-निल थिअरम तेच सांगतो), त्यामुळे खरा क्वांटम फायदा पाहिजे असेल तर ३०, ४५ असले कोन लागतातच आणि त्यांच्याबरोबर वाट बघणं पण येतंच.

साखळीतून जाळीकडे

एकटी साखळी म्हणजे एकाच क्युबिटचा हिशोब. दोन क्युबिटमध्ये गेट पाहिजे असेल तर दोन साखळ्यांमध्ये उभी रेघ पाहिजे, म्हणून चौकोनी जाळी. आडवे रस्ते म्हणजे डेटा कसा सरकतो, आणि उभ्या रेघा म्हणजे दोन रस्ते एकमेकांना कुठे भेटतात. आणि नको असलेला ठिपका पुसायचा कसा, तर तो साधा ०/१ मोजायचा. तो आपल्या रेघांसकट जाळीतून निघून जातो, आणि निकाल १ आला असेल तर त्याच्या शेजाऱ्यांवर एकेक झेड राहतो तो नोंदीत लिहायचा. म्हणजे एकच मोठी जाळी बनवा, आणि मोजून मोजून तिच्यातून पाहिजे ते सर्किट कोरून काढा. राउसेनडॉर्फ-ब्रीगेलच्या मूळ जाळी पद्धतीत एका सीनॉटला (पहिला क्युबिट १ असेल तरच दुसऱ्यावर एक्स लावणारा गेट) १५ क्युबिटचा तुकडा जातो, तर क्युबिट भरपूर खर्च होतात हे मान्य करूनच या वाटेला यायचं.

मग कुठलीही एन्टँगल्ड अवस्था चालेल का? नाही. जीएचझी अवस्था (सगळे ० आणि सगळे १ यांची सुपरपोझिशन) कितीही मोठी घेतली तरी तिच्यावर सगळे हिशोब होत नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला, २००९ मध्ये दाखवलं गेलं की रँडम निवडलेल्या बहुतेक अवस्था इतक्या जास्त एन्टँगल्ड असतात की त्यांच्यावरच्या मोजणीचे निकाल नाणेफेकीपेक्षा जास्त उपयोगाचे नसतात. जेवढी जास्त एन्टँगलमेंट तेवढं चांगलं असं नसतं, तिची रचना नीट पाहिजे.

एवढा खटाटोप कशासाठी

फोटॉनसाठी. दोन फोटॉन एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यात ऐनवेळी गेट लावणं फार अवघड, साध्या आरसे-बीमस्प्लिटरने जोडायला गेलं तर जोडणी कधी लागते कधी नाही, जादा फोटॉन न वापरता साध्या फ्यूजनची (म्हणजे अशा जोडणीची) शक्यता जास्तीत जास्त ५० टक्के. गेट-पद्धतीत हिशोबाच्या मध्यात जोडणी फसली तर सगळाच हिशोब फुकट. इथे मात्र जोडणीचं काम हिशोबाच्या आधीच होतं, फसलेले तुकडे टाकून द्या, लागलेले ठेवा, आणि डेटा त्यानंतरच आत सोडा. आणि एकटा फोटॉन पाहिजे त्या कोनात मोजणं तर सोपंच आहे, पोलरायझर फिरवा आणि मोजा.

२००५ मध्ये व्हिएन्नात आंतोन झायलिंगर यांच्या ग्रुपने चार फोटॉनची क्लस्टर स्टेट बनवून एक आणि दोन क्युबिटचे गेट आणि ग्रोव्हरचा सर्च (यादीत शोधायची क्वांटम पद्धत) करून दाखवला. त्यात कोन बदलण्याएवढा वेळ नव्हता, २००७ मध्ये त्याच ग्रुपने खरं फीड-फॉरवर्ड केलं, निकाल येऊन पुढची मोजणी बदलेपर्यंत १५० नॅनोसेकंदांपेक्षा कमी वेळ. आता तेवढ्या वेळात पुढचा फोटॉन कुठे थांबणार, तो तर थांबत नाही, म्हणून त्याला फायबरच्या वेटोळ्यात फिरवायचा, काचेत प्रकाश नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटिमीटर जातो म्हणजे १५० नॅनोसेकंदांना ३० मीटर फायबर. वर आपण लिहिलेला तो दोन ओळींचा इफ-टेस्ट लॅबमध्ये ३० मीटर काचेची तार होऊन बसतो! आणि तार जितकी लांब तितका फोटॉन हरवण्याचा धोका जास्त, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स फास्ट करणं हे इथे थेट हिशोबाच्या अचूकतेचं काम आहे.

पुढे टोकियोच्या अकिरा फुरुसावा यांच्या ग्रुपने प्रकाशाच्या पल्सची लांबच लांब साखळी केली आणि २०१९ मध्ये टोकियो आणि डेन्मार्क दोन्हीकडे दोन मितींची जाळी पण झाली, तिथे सगळे पल्स एकदम समोर नसतात, एकामागून एक येतात आणि मोजले जातात, मागे जाळी बनत असते आणि पुढे संपत असते.

आता पाच क्युबिट तुम्ही करा

एका क्युबिटचं कुठलंही रोटेशन करायला पाच क्युबिटची साखळी आणि चार मोजण्या पुरतात. चिन्हांचे नियम असे: क१ जसा आहे तसा. क२ चं चिन्ह न१ वरून. क३ चं चिन्ह न२ वरून. क४ चं चिन्ह न१ आणि न३ यांच्या एक्सऑरवरून. शेवटच्या क्युबिटवर एक्स लावायचा की नाही हे न२ आणि न४ चा एक्सऑर सांगतो, आणि झेड लावायचा की नाही हे न१ आणि न३ चा. हे पाठ करू नका, दोनच नियमांतून सगळं निघतं: एक्स फेज गेटच्या पलीकडे नेला की कोन उलटतो, आणि एक्स हॅडमार्डच्या पलीकडे गेला की झेड होतो, झेडचा एक्स. वहीवर एकदा काढा, अर्ध्या पानात होतं.

कोड लिहिल्यावर पहिला रन क१ = ९०, क२ = ३०, आणि क३, क४ दोन्ही ० ठेवून करा. शेवटचे दोन हॅडमार्ड एकमेकांना खाऊन टाकतात त्यामुळे परत ७५ टक्केच यायला पाहिजेत. ५० आले तर बहुतेक न४ ची नोंद एक्सऑरमध्ये घ्यायची राहिली असेल. ७५ आले की मग क३ आणि क४ मध्ये पाहिजे ते कोन टाका, शेजारी तेच रोटेशन साध्या गेटनी एका क्युबिटवर करा, आणि दोन्हीचे आकडे जुळतात का बघा.